विश्लेषण : ‘फँटम’चा ‘वेताळ’ कसा झाला? जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून तो कसा दिसतो?

दरवर्षी १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजन्माचा पाळणा हलतो आणि जुन्नर शहर गर्दीने फुलून जाते. त्याच्या दोनच दिवस आधीची, १७ फेब्रुवारी ही तारीख मात्र इथे कोणाच्या लक्षात असण्याचे कारण नाही. १९३६ मध्ये याच दिवशी अमेरिकेत ‘द फँटम’ ही चित्रमालिका वृत्तपत्रातून सुरू झाली. जांभळा घट्ट पोशाख, डोळ्यांवर पट्टी, कमरेला दोन पिस्तुले आणि बोटात कवटीची अंगठी असलेल्या या नायकाला महाराष्ट्रातील किमान दोन पिढ्या ‘वेताळ’ म्हणून ओळखतात. त्याच्या जन्माला ९० वर्षे होत असताना एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. परक्या मुलखात तयार झालेला हा नायक मराठी वाचकाला आपला का वाटला? आणि जंगल, गुहा व डोंगर यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला त्याच्या गोष्टीत काय खटकायला हवे?

वेताळ नेमका कोण?

ली फॉक (१९११-१९९९) या अमेरिकी लेखकाने ही व्यक्तिरेखा निर्माण केली. त्याआधी १९३४ मध्ये त्याने ‘जादूगार मँड्रेक’ आणला होता. फँटमच्या सुरुवातीच्या पट्ट्या रे मूर या चित्रकाराने रेखाटल्या. मूळ कथा अशी : १५३६ मध्ये समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेला एकमेव तरुण बेंगाला नावाच्या काल्पनिक देशाच्या किनाऱ्यावर वाहत आला. तिथल्या ‘बांदार’ जमातीने त्याला जगवले. पुढे वडिलांच्या मारेकऱ्याची कवटी हाती धरून त्याने शपथ घेतली की, चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध मी लढेन आणि माझ्यानंतर माझे वंशज लढतील.

त्याच्यानंतर त्याचा मुलगा, मग नातू असे एकामागून एक वंशज तोच पोशाख चढवत गेले. वाचक ज्याला ओळखतात तो एकविसावा. बाहेरच्या जगाला हे गुपित माहीत नाही. चारशे वर्षे तोच माणूस जंगलात फिरतो आहे, असे लोक समजतात. त्यामुळेच इंग्रजीत त्याला ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे बिरुद मिळाले.

सुपरमॅनच्या आधीचा सुपरहीरो?

काळाच्या हिशेबाने हो. सुपरमॅन १९३८ मध्ये आला आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही सुपरहीरोची ठरलेली वेशभूषा फँटमने त्यांच्या आधी रूढ केली. घट्ट विजारीची कल्पना रॉबिन हूडच्या चित्रांवरून, तर बुबुळे नसलेल्या डोळ्यांची कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचल्याचे फॉक सांगत असे.

पोशाखाच्या रंगाची गोष्टही गमतीची आहे. रोजची पट्टी कृष्णधवल होती. फॉकच्या मनात पोशाख करड्या रंगाचा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा, तर इटली आणि ब्राझीलमध्ये लाल दिसतो. एकच नायक देशोदेशी वेगळ्या रंगात वावरतो, आणि या प्रत्येक देशातील वाचकांना आपलाच रंग खरा वाटतो.

त्याची ताकद कोणती?

फँटमला उडता येत नाही, गोळी त्याच्या अंगावरून घसरत नाही. शरीर कमावलेले आहे, नेम अचूक आहे, पण तो मर्त्य माणूस आहे. त्याची खरी ताकद म्हणजे त्याच्याविषयीची वदंता. गुन्हेगाराला वाटते की हा मरतच नाही. याला गोळी लागल्याचे आपल्या आजोबांनी सांगितले होते, तरी तो समोर उभा आहे! या भीतीतच निम्मी लढाई जिंकलेली असते.

ही रचना एखाद्या चोख यंत्रासारखी आहे. झिजलेला भाग वेळेत बदलला की यंत्र अखंड चालते आणि बाहेरून पाहणाऱ्याला बदल कळतही नाही. सुपरमॅनची शक्ती दुसऱ्या ग्रहावरून येते, बॅटमॅनची श्रीमंतीतून येते. फँटमची शक्ती लोकांच्या तोंडून येते. म्हणूनच कथेत जागोजागी ‘जंगलातील जुनी म्हण’ म्हणून त्याच्याविषयीची वाक्ये पेरलेली असतात. ज्या समाजात गोष्टी लिहिण्याआधी सांगितल्या जातात, तिथे असा नायक लवकर रुजतो. महाराष्ट्रातील खेडी हे अशा समाजाचे उत्तम उदाहरण होते.

भारतात तो कसा पोहोचला?

‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकातून १९४० च्या दशकात फँटम भारतीय वाचकांपुढे आला. पण तो घराघरांत गेला इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिल्या अंकात फँटमच्या पट्ट्याची कथा होती आणि पहिले ३२ अंक केवळ त्याचेच होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीसह इतर भारतीय भाषांतही अंक निघाले. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत ८०० हून अधिक अंक प्रसिद्ध झाले होते.

भारतात आणताना काही नावे बदलण्यात आली. बंगालची आठवण करून देणाऱ्या ‘बेंगाला’चे ‘डेंकाली’ झाले. मूळ कथेतील चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग ब्रदरहूड’ होते, त्याचे ‘सिंगा’ झाले. मात्र सर्वांत मोठा बदल नायकाच्या नावात होता. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ झाला, हिंदीत ‘वेताल’ आणि मराठीत ‘वेताळ’.

‘वेताळ’ हे नाव इतके चपखल का बसले?

कारण त्या काळातील मराठी मुलाच्या जगात आणखी दोन वेताळ आधीपासून होते.

पहिला वेताळ पुस्तकातला. राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडे घालणारा आणि राजा बोलला की झाडावर परत जाणारा. ‘वेताळ पंचविशी’ एकोणिसाव्या शतकातच मराठीत छापली गेली होती आणि ‘चांदोबा’ मासिकाने विक्रम-वेताळाचे चित्र महिन्यामागून महिने घरी पोहोचवले. पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आली. हा वेताळ हुशार आहे, न्यायाचा प्रश्न विचारतो आणि उत्तर चुकवू देत नाही.

दुसरा वेताळ गावाच्या शिवेवरचा. शेंदूर फासलेला तांदळा, बहुधा गावाबाहेर किंवा टेकडीवर. पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी वेताळाच्याच नावाची आहे. जिल्ह्यात ठिकठिकाणी वेताळबाबाची ठाणी आहेत. लोकसमजुतीनुसार वेताळ हा भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, मशाली दिसतात, आणि वाटेत आलेल्याने बाजूला व्हावे. पण हाच भुतांचा राजा गावाची राखणही करतो. त्याच्या हद्दीत इतर भुतेखेते शिरत नाहीत. भीती वाटावी असा, तरीही आपल्या बाजूचा, असे हे दैवत आहे.

इंद्रजालमधील वेताळ हा तिसरा. पहिल्याकडून त्याने न्यायाची चाड घेतली आणि दुसऱ्याकडून रात्रीचा दरारा. नाव ऐकल्याबरोबर मराठी वाचकाला अर्धी गोष्ट कळून चुकत होती. ‘चालणारे भूत’ ही कल्पना अमेरिकी मुलाला समजावून सांगावी लागे. मराठी मुलाला तिची ओळख आजीने आधीच करून दिलेली असे.

हे साम्य किती खोल आहे, याचे एक उदाहरण गोव्यात सापडते. तिथे वेताळाला ‘बेताळ’ म्हणतात आणि आमोणे, लोलये अशा गावांत तो महत्त्वाचा ग्रामदेव आहे. काही ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण करण्याची प्रथा आहे. देव रात्रभर गावाभोवती फेरी मारतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, ही त्यामागची श्रद्धा. फॉकने आपल्या नायकाला ‘चालणारे भूत’ म्हटले, तेव्हा त्याला या वहाणांची कल्पना असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरी दोन्हीकडे एकच विचार आहे : राखण करणारा बसून राहत नाही, तो फिरतो.

मग या कथेत अडचण काय आहे?

नाव मराठी झाले तरी कथेचा सांगाडा तोच राहिला. जंगल आफ्रिका आणि आशियाची सरमिसळ असलेले. त्यात राहणारे ‘बांदार’ लोक बुटके, निष्ठावान आणि विषारी बाणांत तरबेज. त्यांचे रक्षण करणारा मात्र युरोपातून आलेला गोरा माणूस, आणि त्याच्यानंतर त्याचाच मुलगा. जंगलातील शांतता त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या सिंहासनाच्या गुहेत पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदवह्या आहेत, पण त्या त्याच्याच घराण्याच्या. बांदारांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

‘बांदार’ हा शब्दही भारतीय कानाला खटकायला हवा. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’चा प्रभाव आपल्यावर असल्याचे फॉकने मान्य केले होते, आणि त्या पुस्तकात माकडांच्या टोळीला ‘बंदरलोग’ म्हटले आहे. ज्या काळात ही कथा लिहिली गेली, त्या काळात आशिया व आफ्रिकेचा मोठा भाग युरोपीय सत्तांच्या ताब्यात होता. जंगलातल्या लोकांना बाहेरच्या रक्षकाची गरज असते, हे गृहीतक त्या काळाचे आहे. पुढच्या दशकांत फॉकने कथेत बदल केले. बेंगालाला स्वतःचा कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाला, नायकाची पत्नी डायना संयुक्त राष्ट्रांत काम करू लागली. तरीही शपथेचा वारसा एकाच घराण्यात राहिला.

मुंबई-पुण्यातील मुलाला हे जंगल दूरचे वाटे, त्यामुळे त्याने हा प्रश्न विचारला नाही तरी चालून गेले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात मात्र जंगल चित्रातले नाही.

इथल्या जंगलात कोण राहते?

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या घाटमाथ्याच्या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात भातलावणी, वरकस जमिनीवर नाचणी-वरई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरडा गोळा करणे, असे इथले वर्ष असते. हिरड्याचे भाव पडले किंवा वादळाने झाडे मोडली तर घराचे गणित कोलमडते. कॉमिक्समधील बांदार मात्र शेती, बाजार, कर्ज यांपैकी कशाचीच चिंता करताना दिसत नाहीत. त्यांची एकच अडचण असते, खलनायक. ती वेताळ सोडवतो.

या भागाकडे गुहाही भरपूर आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी असे जुन्नरभोवतीचे लेणीसमूह मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. यांतील अनेकांत दानाचे शिलालेख कोरलेले आहेत. त्यात शेती, व्यापार आणि कारागिरी करणाऱ्या सामान्य लोकांच्या देणग्यांची नोंद आहे. वेताळाच्या गुहेत एका घराण्याची वही आहे, जुन्नरच्या गुहांच्या भिंतींवर अनेकांची नावे आहेत. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जंगलाचा राखणदारही इथे वेगळा आहे. महादेव कोळी समाजात वाघोबाला देव मानतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा गुराखी त्याची पूजा करतात. गुरांना आणि माणसांना सांभाळ, हे मागणे त्यात असते. वाघोबा खलनायकाला ठोसा मारत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याशीच केलेला हा करार आहे. आज याच तालुक्यांच्या पूर्वेकडील उसाच्या शेतांत बिबटे राहतात, माणसांवर हल्ले होतात, लोकांचे जीव जातात आणि पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवले जातात. हा तिढा सोडवायला कोणी मुखवटेधारी येणार नाही, हे शेतात रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे.

मग इथल्या डोंगरांना नायक नव्हते का?

होते, आणि त्यांच्या जन्मकथा कॉमिक्सच्या कोणत्याही कथेपेक्षा कमी नाहीत.

फँटमची कथा एका कवटीवर घेतलेल्या शपथेपासून सुरू होते. शिवनेरीवर ‘कोळी चौथरा’ नावाची जागा आहे. मोगल काळात महादेव कोळ्यांनी केलेले बंड मोडून काढल्यावर पकडलेल्यांची इथे कत्तल झाली आणि त्यांच्या मुंडक्यांवर हा चौथरा बांधला गेला, अशी परंपरा सांगते. फँटमच्या कवटीने एक घराणे घडवले. इथल्या चौथऱ्याखाली गाडलेल्यांची नावे मात्र फारशी उरली नाहीत.

दुसरी कथा आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यांची. ब्रिटिशकालीन पुणे गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. १८७३ पासून या महादेव कोळी तरुणाने साथीदार जमवून सावकारांविरुद्ध मोहीम उघडली. कर्जाच्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी गिळण्याचा तो काळ होता. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागासह नाशिक, नगर आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात या मोहिमेची धास्ती पसरली. १८७४ मध्ये सरकारने होन्या यांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर केले. त्यांच्या मागावर खास पोलीस दल धाडण्यात आले. तरी ते सापडेनात. त्याच सुमारास, मे १८७५ मध्ये सुपे येथून ‘दख्खनचे दंगे’ पेटले आणि शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. अखेर १८७६ मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने होन्या यांना पकडले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना पकडणारा अधिकारीही हाच.

होन्या यांना डोंगरात लपता आले याचे कारण त्यांच्याविषयीची केवळ भीती नव्हती. वाटा माहीत असलेली आणि तोंड बंद ठेवणारी माणसे त्यांच्या मागे होती. फँटमला बांदार लपवतात, तसेच. फरक इतकाच की इथे लपणारा आणि लपवणारे एकाच समाजाचे, एकाच कर्जाखाली दबलेले होते.

तिसरी कथा त्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळची. बाबू गेनू सैद यांचा जन्म तिथे १९०८ मध्ये झाला. पोट भरायला ते मुंबईत गेले, गिरणीत काम करू लागले आणि स्वदेशीच्या चळवळीत उतरले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवण्यासाठी ते रस्त्यावर आडवे झाले. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. फॉकचा नायक वृत्तपत्रात अवतरण्याच्या सव्वापाच वर्षे आधीची ही घटना. बाबू गेनूंच्या अंगावर पोशाख नव्हता, हातात शस्त्र नव्हते, वय अवघे २२ होते.

हे नायक कॉमिक्समध्ये का दिसले नाहीत?

इंद्रजालच्या ८०० हून अधिक अंकांत होन्या केंगले नव्हते. त्यामागे आर्थिक कारण आहे. फँटमची तयार चित्रे अमेरिकेतील किंग फीचर्स या संस्थेकडून विकत मिळत. भाषांतर केले, फुग्यांत अक्षरे भरली की अंक तयार. नव्या नायकासाठी लेखक, चित्रकार आणि संशोधन, सगळ्यावर खर्च करावा लागतो.

तसा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नाही. १९७६ मध्ये इंद्रजालनेच ‘बहादूर’ हा भारतीय नायक आणला. लेखक आबिद सुरती यांनी घडवलेला हा तरुण चंबळच्या खोऱ्यातला, वडील दरोडेखोर, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. एकट्याने लढण्याऐवजी तो गावकऱ्यांचे ‘नागरिक सुरक्षा दल’ उभारतो. वेताळाच्या रचनेतील उणीव याच मालिकेने स्वतः ओळखली होती, असे म्हणता येते. जंगलाचे किंवा गावाचे रक्षण तिथल्याच लोकांनी करायचे, हा बदल साधा दिसतो, पण कथेचा तोल त्याने पूर्ण पालटतो.

दुसरीकडे अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने १९६७ पासून पुराण आणि इतिहासातील व्यक्ती चित्रांत आणल्या. त्यातील छत्रपती शिवाजी महाराजांवरील अंकाची चित्रे प्रताप मुळीक यांची. पुण्याच्या याच चित्रकाराने पुढे १९८६ मध्ये ‘नागराज’ या हिंदीतील लोकप्रिय सुपरहीरोला रूप दिले. शिवनेरीवर जन्मलेला इतिहासपुरुष आणि विषारी फुंकर मारणारा काल्पनिक नायक, दोघेही एकाच कुंचल्यातून उतरले. अर्थात, पहिल्याला सुपरहीरोच्या साच्यात बसवणे ही चूक ठरेल. शिवनेरी चढून पाहिला की ते कळते. सात दरवाजे, धान्याचे अंबरखाने, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. किल्ला एका माणसाच्या मनगटावर लढत नाही. दाणागोटा, पाणी आणि पहाऱ्यावरची माणसे असली तरच तो लढतो.

जुन्नरकडे आणखी एक माध्यम होते, तमाशा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी हे नाव देशभर नेले. रात्रभर रंगणाऱ्या वगात बंडखोर, दरोडेखोर, न्यायी राजा आणि लबाड सावकार ही पात्रे प्रेक्षकांनी डोळ्यांपुढे पाहिली. एका अर्थाने कनातीच्या आतला वग हेच या भागाचे कॉमिक्स होते. मात्र वग कागदावर फारसा उतरला नाही. प्रयोग संपला की गोष्ट हवेत विरे, तर इंद्रजालचा अंक दहा हातांतून फिरून पुन्हा वाचता येई. जे छापले गेले ते आठवणीत टिकले.

इतर देशांनी या नायकाचे काय केले?

फँटमची सर्वाधिक लोकप्रियता त्याच्या मायदेशी नाही. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचे स्वतंत्र अंक निघत आले आहेत. सर्वांत लक्षवेधी उदाहरण पापुआ न्यू गिनीचे. तिथल्या वागी खोऱ्यातील जमातींनी आपापसांतील लढायांसाठी बनवलेल्या ढालींवर फँटमचे चित्र रंगवले. मृत्यू ज्याला गाठू शकत नाही, अशा वीराचे चित्र आपल्या ढालीवर असावे, हा त्यामागचा विचार. गोऱ्या रक्षकाच्या कथेतून त्यांनी रक्षणाची कल्पना उचलली आणि स्वतःच्या हातात धरली.

महाराष्ट्रातही काहीसे तेच झाले. ‘वेताळ’ हे नाव देणे ही एक प्रकारे ढालच रंगवणे होते. फरक इतकाच की आपण नाव बदलले आणि तिथेच थांबलो.

आज वेताळाला काय महत्त्व आहे?

अमेरिकेत त्याची रोजची पट्टी अजून सुरू आहे. भारतात इंद्रजालनंतर डायमंड कॉमिक्ससारख्या प्रकाशकांनी त्याचे अंक काढले. आता जुने अंक प्रामुख्याने संग्राहकांकडे आणि रद्दीच्या दुकानांत सापडतात. १९९६ च्या इंग्रजी चित्रपटाला फारसे यश मिळाले नाही. मार्व्हलच्या चित्रपटांवर वाढलेल्या मुलांना तो साधा, कदाचित भाबडा वाटेल. त्याच्याकडे अद्भुत शस्त्र नाही, अंतराळयान नाही.

मात्र त्याच्या मुळाशी असलेली कल्पना अजून जुनी झालेली नाही. माणूस जातो, नाव आणि जबाबदारी पुढच्याकडे जाते, हे सूत्र कोणत्याही गावाला कळणारे आहे. ती जबाबदारी एकाच घराण्याकडे का असावी, एवढाच प्रश्न आजच्या वाचकाने विचारायचा आहे. हातात मोबाइल असलेली आणि चित्र काढता येणारी मुले आता जुन्नरमध्ये आहेत, घोडेगावातही आहेत. होन्या केंगले यांच्या पाठलागाचे तपशील गॅझेटियरमध्ये आहेत, लेण्यांवरील दात्यांची नावे दगडात आहेत. चित्रांसाठी साहित्याची टंचाई नाही.

आंबेगाव तालुक्याच्या नावातच याचा एक दाखला आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गाव राहिले नाही, नाव मात्र सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत रोज लिहिले जाते. आणि ज्या जलाशयाखाली ते गाव आहे, त्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. फॉकला माणसामागे नाव जिवंत ठेवण्यासाठी मुखवटा आणि एकवीस पिढ्या लागल्या. इथे एका गिरणी कामगाराचे नाव पाण्यावर टिकून आहे.